अडसर नसलेले गाव

पूर्वी गोदाकाठी अश्मक देशात राजा सुधन्वा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्मले होते. एकदा शाल्मलिग्रामच्या ग्रामणीने, म्हणजे गावप्रमुख पिंगलाने, एका आजारी बाईसाठी त्यांना बोलावून घेतले. त्या गावात एकाही दाराला आतून अडसर नव्हता.

"आमच्या गावात चोरच नाही, वैद्यराज," पिंगल मोठ्या तोऱ्यात म्हणाला. "अडसर हवाच कशाला?"

गावाचे धान्य जमिनीतल्या पेवांत राही. पेवाचे तोंड इतके अरुंद की मोठे माणूस आत शिरत नसे. म्हणून सुगीआधी सहा-सात वर्षांची पोरे दोराने आत सोडून पेव झाडून घेत. पोर रडू लागले, तर काम होईपर्यंत वर झाकण ठेवीत. बापजाद्यांपासून असेच चालत आले होते.

यंदा अनुला नावाच्या विणकरणीच्या लेकीची, रेवाची पाळी होती. दिवस ठरल्यापासून अनुला जेवत नव्हती, नुसती कापत होती.

"भूत लागलंय हिला," पिंगल म्हणाला. "उतरवा, नाहीतर गावाबाहेर घालवतो."

"बाई, काय होतं तुला?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"तीस वर्षं झाली," अनुला म्हणाली. "कुणी दार लावलं की अजून माझ्यावर झाकण पडतं."

बोधिसत्त्व गावभर हिंडले. कोणाची छाती दडपे, कोणी भर दुपारी दचके, कोणी पोरांवर उगाच हात टाकी. पेवाचे नाव काढताच सगळे हसून म्हणत, "आम्हीही उतरलो होतो. काय झालं आम्हाला?"

ठरल्या सकाळी रेवाच्या कमरेला दोर बांधला, तेव्हा बोधिसत्त्व जाऊन पेवाच्या तोंडावरच बसले.

"उठा!" पिंगल गरजला. "राजाच्या वाट्याचं धान्य अडलं, तर तुमचं डोकं जाईल."

"जाऊ दे. मी उठत नाही."

कापत कापत अनुला आली, लेकीचा दोर सोडला आणि वैद्याशेजारी बसली. "मीही नाही उठत," ती म्हणाली.

"आम्हीही उतरलो होतो!" पिंगल ओरडला. "काय झालं आम्हाला?"

"मग समोरच्या तुमच्या घरात जा, ग्रामणी," बोधिसत्त्व म्हणाले. " दार बाहेरून बांधतो. पेव झाडून होईल एवढा वेळ बसून दाखवा, मी उठतो."

पिंगल तरातरा आत गेला. दार लागले. दोर बांधायच्या आतच तो बाहेर आला, घामाने निथळत. कोणी हसले नाही. तो मटकन खाली बसला.

"मी सहा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "आई वरच उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं."

मग त्याने पहार मागवली आणि स्वतःच्या हाताने पेवाचे तोंड फोडून रुंद केले. त्या वर्षी ओल शिरून थोडी ज्वारी नासली. राजाने जाब विचारला, तेव्हा सारे गाव मान वर करून उभे राहिले.

अनुलाचे कापणे पुरते गेले नाही. ती उघड्या दाराशीच माग मांडून बसे. पण रेवा मोठी झाली आणि तिने आपल्या दाराला अडसर बसवला. गावातला तो पहिला.

कथा संपवून शास्ते, भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, विहाराचे दार लावले की दचकणाऱ्या पुण्णकाला तुम्ही भित्रा म्हणता. तेव्हाची अनुला तोच. त्याला सर्वांत मोठ्याने हसणारा उदुंबर तेव्हा पिंगल होता, आणि वैद्य मी. आपण सोसले म्हणून लेकरांनीही सोसावे, याला कोणी क्षांती, सहनशीलता म्हणू नये. पेवाच्या तोंडावर ठाण मांडून बसते, ती करुणा."