गळकं कटर आणि इंदूचं लग्न

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक भोळा जावई राहत होता. शिदू त्याचं नाव. घरजावई असल्यामुळे त्याचा भोळेपणा बाहेर कुठे वाया जात नसे, सगळाच्या सगळा सासऱ्याच्या वाट्याला यायचा.

शिदू आळशी मात्र नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही त्याला काहीबाही म्हणाल. सांगाल ते काम तो करायचा. पण सांगाल तेच करायचा, आणि एकदा शिकवलेलं कधी विसरायचा नाही. मी म्हणतो, त्यापेक्षा आळशी जावई परवडला. त्याच्या हातून निदान काही घडत तरी नाही.

सासरे येसबामामा झाडं तोडायची कामं घ्यायचे. त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारं कटर होतं. पुढे लांब पोलादी पट्टी, पट्टीभोवती दातेरी साखळी. दोरी ओढली की भर्रर्र करून सुरू व्हायचं आणि हां हां म्हणता झाड आडवं करायचं. साखळीला तेल लागायचं, त्याची एक वेगळी टाकी होती. तेल संपलं की साखळी तापायची आणि मुकाट बसायची.

मामांच्या धाकट्या मुलीचं, इंदूचं, लग्न ठरलं होतं. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे वाऱ्याने गावाच्या रस्त्यावर जांभळाचं भलं थोरलं झाड पडलं. गावात यायला रस्ता तो एकच. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. उद्या त्याच रस्त्याने वऱ्हाड यायचं होतं आणि मुहूर्त भर दुपारचा. त्यात मांडवाचा वासा उचलताना मामांची कंबर धरलेली. कटर काढून बघतात तर ते तेलाच्या थारोळ्यात बसलेलं, टाकीत तळाशी जेमतेम थोडं उरलेलं.

घरात धडधाकट पुरुष एकच होता. मामांनी खाटेवर पडल्या पडल्या देवाचं नाव घेतलं आणि शिदूला हाक मारली.

"जावईबापू, कटरातनं तेल गळतंय. झाकण सैल असंल. गळाय लागलं की आवळायचं. चांगलं घट्ट आवळायचं. कळलं?"

"कळलं मामा. गळाय लागलं की आवळायचं."

शिदूने पाना घेतला आणि तेलाच्या टाकीचं झाकण घट्ट आवळलं. काम फत्ते. हात पुसत तो अंगणात आला. तिथे शेजारच्या पारूबाईंचं रांगतं पोर बसलं होतं. पोराला सर्दी झाली होती. नाक गळत होतं.

शिदू थांबला. गळतंय म्हणजे आवळायला हवं. त्याने दोरीवरचा कपडे वाळवायचा चिमटा काढला आणि पोराच्या नाकाला लावला. पोराने असा टाहो फोडला की मांडवातले लोक ताटं टाकून धावले. पारूबाईंनी चिमटा काढला आणि शिदूच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

मामा रागावले की 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचे. ते आले.

"आरं, पोराचं नाक आवळतात व्हय? आणि कटर बघ, अजून गळतंच हाय. आधी फडक्यानं सगळं स्वच्छ पुसून घ्यायचं, खाली पांढरं कापड अंथरायचं आणि डाग कुठं पडतोय ते बघत बसायचं. म्हणजे कळतंय, गळती कुठनं हाय."

"मग तसं आधी सांगायचं की, मामा," शिदू म्हणाला.

त्याने कटर लख्ख पुसलं. फडकं काळं कुळकुळीत झालं. खाली पांढरं कापड अंथरून तो बघत बसला. टपकन डाग पडला, बरोबर झाकणाखाली. झाकण उघडलं तर आतली रबराची रिंग चिरलेली. मामांनी डबीतून नवी रिंग काढून दिली, शिदूने ती बसवली. मामांच्या जिवात जीव आला. पोरीचं वऱ्हाड आता अडत नाही, असं त्यांना वाटलं. माणसाला काय, काहीही वाटतं.

तेवढ्यात माजघरातून मामींची हाक आली. इंदूला हळद लावून झाली होती. बायका जेवायला बसल्या होत्या.

"जावईबापू, नवरीपाशी जरा बसा. मी चुलीवरचं बघून येते. तिच्याकडं ध्यान ठेवा."

शिदू ध्यान ठेवून बसला. बघतो तर इंदूच्या कपाळावरून, गालावरून, हनुवटीवरून तेलातली हळद टपटप गळत होती. शिदू काळजीत पडला. एवढी गळती कटरालासुद्धा नव्हती.

"डोळं मीट," तो म्हणाला.

दाजी काहीतरी थट्टा करणार म्हणून इंदूने हसत डोळे मिटले. शिदूने कमरेचं फडकं काढलं, तेच ते कटर पुसलेलं, आणि नवरीचं तोंड स्वच्छ पुसलं. मग मामांचं लग्नात नेसायचं कोरं धोतर खाली अंथरलं आणि डाग कुठे पडतो ते बघत बसला.

मामी आल्या आणि दारातच थबकल्या. पाटावर पिवळी नवरी बसवली होती, तिथे काळी बसली होती.

"अगं बाई, ही कोण?"

"इंदूच हाय," शिदू म्हणाला. "पुसून ठेवलीय. अजून तरी डाग पडला न्हाई."

इंदूने आरशात पाहिलं आणि भोकाड पसरलं. दोन बायकांनी डाळीचं पीठ लावून लावून संध्याकाळपर्यंत तिला पुन्हा नवरी केली.

मामांनी शिदूला खाटेपाशी बोलावलं. आता ते अगदी सावकाश बोलत होते.

"बाबा शिदू, सगळंच गळणं वाईट नसतंय. नवरीची हळद गळायचीच. साखळीवर तेल पडायलाच पायजे. तेल न्हाई मिळालं तर साखळी करकरती, तापती, अडकून बसती. तवा आता टाकी भर. आणि ध्यानात धर, जे करकरतंय त्याला तेल पाजायचं."

"मग तसं आधी सांगायचं की, मामा."

शिदूने टाकी भरली. एक थेंब बाहेर आला नाही. तेलाची बुधली हातात घेऊन तो मोठ्या ऐटीत मांडवात आला. तिथे गावातलेच वाजंत्री येऊन बसले होते. सनईवाल्याने नवी सनई आणली होती, ती अजून सुरात लागत नव्हती. त्याने फुंकली, सनई करकरली. पुन्हा फुंकली, पुन्हा करकरली.

सनईवाला तंबाखू मळायला वळला तेवढ्यात शिदूने सनई उचलली आणि तिला गळ्यापर्यंत तेल पाजलं. पाजून जागच्या जागी ठेवली.

सनईवाल्याने तंबाखू दाढेला धरली, सनई तोंडाला लावली आणि छातीभर फुंक मारली. सनई वाजली नाही. तिच्यातून तेलाची पिचकारी निघाली, ती थेट समोर बसलेल्या इंदूच्या आत्याबाईंच्या नव्या कोऱ्या शालूवर. आत्याबाई मानाच्या. रुसून त्या बसस्टँडकडे निघाल्या. रस्त्यावर झाड आडवं होतं म्हणून परत आल्या. त्या दिवशी त्या झाडाचा तेवढा एक उपयोग झाला.

मामा त्या संध्याकाळी शिदूला काही बोलले नाहीत. त्यांना सकाळी त्याच्याकडून झाड तोडून घ्यायचं होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मामांना होती, पण त्यांनी ती रात्रभर उशाखाली ठेवली.

लग्नाच्या दिवशी उजाडताच शिदू कटर घेऊन निघाला. आणि खरं सांगतो, त्याने काम फार सुरेख केलं. तेल बरोबर पडत होतं, साखळी लोण्यातून फिरावी तशी फिरत होती. शिदूने झाडाचे ओंडके पाडले, पहारीने एकेक कडेला लोटला आणि रस्ता मोकळा केला. घरी येऊन उभा राहिला तेव्हा मामांचे डोळे भरून आले.

"शाबास रं माझ्या वाघा. कटर कुठाय?"

"रस्त्यावर."

"पाना?"

"त्यो बी रस्त्यावर."

"आरं, काम झालं की वस्तू तशीच टाकून येत्यात व्हय? जे जिथनं काढलंय ते परत तिथं नेऊन ठेवायचं. ही साधी रीत हाय."

"मग तसं आधी सांगायचं की, मामा."

शिदू पळत गेला. कटर आणून माळ्यावर ठेवलं, पाना पेटीत ठेवला. मग पुन्हा गेला, तो बराच वेळ आला नाही. मामांना वाटलं, अंघोळीला गेला असेल.

दुपार व्हायला आली. भटजी घड्याळ बघायला लागले. वऱ्हाडाचा पत्ता नाही. शेवटी एक पोरगा धापा टाकत आला.

"वऱ्हाड अडकलंय. रस्त्यावर झाड पडलंय."

"दुसरं?"

"न्हाई. कालचंच."

मामा कंबर धरून उठले आणि दोघांच्या खांद्यावर हात टाकून रस्त्यापर्यंत गेले. जांभळाचं झाड रस्त्यावर आडवं होतं. बुंधा डोंगराकडे, शेंडा दरीकडे, ओंडक्याला ओंडका बरोबर जुळवलेला. मोडक्या डहाळ्यासुद्धा आपापल्या जागी खोचल्या होत्या. पलीकडे फुलांनी सजवलेला टेम्पो उभा होता आणि अलीकडे घामाने निथळत शिदू.

"जिथनं काढलं हुतं तिथंच ठेवलंय बघा, मामा. पानं तेवढी थोडी कमी भरली."

मुहूर्त अगदी जवळ आला होता. नवरदेव रंगराव, त्याचे वडील आणि समस्त वऱ्हाडी ओंडके ओलांडून, धोतरं सावरत, धापा टाकत मांडवाकडे पळाले. इंदूचा जीव टांगणीला लागला होता. हा मुहूर्त टळला तर दुसरा थेट दिवाळीनंतरचा. पण भटजी बरे होते. त्यांनी मंगलाष्टकं अशी भरभर म्हटली की अक्षता टाकणाऱ्यांचे हात दुखले, आणि शेवटच्या 'सावधान'ला घटका गाठली. हार पडले. लग्न लागलं. इंदू हसली आणि मामींनी डोळ्यांना पदर लावला.

मामांनी मात्र शिदूला बखोटीला धरून बाजूला नेलं. शेवटचं शिकवायचं म्हणून शिकवलं.

"नीट ऐक. ती रीत हत्याराची. ओंडक्याची न्हाई. ज्याचं काम संपलंय ते वाटंत ठेवायचं न्हाई. वखारीचा टेम्पो आलाय, त्यात भरायचं, पडू नये म्हणून दोरीनं आवळायचं आणि वखारीला धाडून द्यायचं. जा."

"मग तसं..."

"जा म्हणतो ना."

शिदू गेला. चार गडी घेऊन त्याने सगळे ओंडके टेम्पोत चढवले. दोर कमी पडला म्हणून तो मांडवात परत आला. मांडवात पंगतीची गडबड उडाली होती. वाढपी पातेली घेऊन धावत होते आणि बरोबर मधोमध नवरदेव उभा होता.

"नवरदेव, जरा सरका," एक वाढपी म्हणाला. "ऐन वाटंत उभं ऱ्हायलाय."

शिदूचे कान टवकारले. तरी त्याने घाई केली नाही. तो भटजींकडे गेला आणि विचारून खात्री करून घेतली.

"भटजीबुवा, नवऱ्याचं काम झालं का?"

"झालं की," दक्षिणा कनवटीला लावत भटजी म्हणाले. "लग्न लागलं, आता त्याचं काय काम?"

नवरदेव नावाचा प्राणी लग्नाच्या दिवशी फार गरीब असतो. बस म्हटलं की बसतो, ऊठ म्हटलं की उठतो, वाक म्हटलं की दिसेल त्याच्या पाया पडतो. शिदू म्हणाला, "चला." रंगराव चालला. शिदू म्हणाला, "चढा." रंगराव चढला. दोर आवळताना तो एकदा हळूच म्हणाला, "तुमच्यात अशी पद्धत हाय का?"

"साधी रीत हाय," शिदू म्हणाला.

इकडे पंगत बसली. ताटाभोवती रांगोळी काढली होती. इंदू नटूनथटून बसली, हातात जिलेबीचा घास, ओठांवर पाठ केलेला उखाणा. शेजारचा पाट रिकामा.

"नवरदेव कुठाय?" व्याही म्हणाले.

"नवरदेव कुठाय?" आत्याबाई म्हणाल्या.

सगळ्या मांडवाने हाक मारली. मामांनी हाक मारली नाही. त्यांनी फक्त शिदूकडे पाहिलं. शिदू दारात उभा राहून समाधानाने हात पुसत होता.

"शिदू," मामा अगदी बारीक आवाजात म्हणाले, "नवरा कुठं हाय?"

"धाडला की, मामा. काम संपलं हुतं, वाटंत उभा हुता. टेम्पोत भरला, दोरीनं आवळला आणि वखारीला धाडला. वाटंत कुठं सांडायचा न्हाई, हमी माझी."

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. वखारीचा मालक होता. त्याचा आवाज एवढा मोठा की सगळ्या पंगतीला ऐकू गेला.

"येसबा, माल पोचला. जांभूळ झकास हाय. पण एक ओंडका फेटा बांधलेला आलाय, त्यो मघाधरनं म्हणतोय, मी जेवलो न्हाई. ह्याच्या फळ्या काढायच्या का वासे, तेवढं सांग."

मामांनी फोनवर हात ठेवला. शिदू लगबगीने पुढे आला आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाला,

"फळ्याच सांगा, मामा. वाशाला जरा बुटका पडंल."