ओव्याच्या तेलाचा थेंब

एका गावात, एकाच परड्यात, मधे कुंपण घालून, दोन खुराडी होती. एक आजोबांचं, दुसरं नातीचं. नात वेणू शाळा अर्ध्यात सोडून आलेली. पायाला भिंगरी, जिभेला धार.

पावसाळ्यात ओलीचे दिवस आले की परड्यातल्या कोंबड्यांना हगवण लागायची, आणि माना टाकलेल्या कोंबड्या उचलताना आजोबा म्हणायचे, "कोंबडीचं आयुष्य तेवढंच!" हे वाक्य वेणूच्या डोक्यात गोमाशीसारखं घोंघावत राहायचं. तिला बसवेना, जेववेना.

यंदा ओल धरायच्या आधीच तिने गुरांच्या डॉक्टरांना गाठलं आणि ओव्याचं तेल आणलं. थेंबभर तेल आधी मूठभर पिठात चोळायचं, मग ते पीठ कोंबड्यांना घालायच्या सगळ्या भरड्यात कालवायचं. रोज.

"यानं आजार बरा होत नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. "पोट धड राहायला मदत होते. तीही पाणी नि खुराडं स्वच्छ ठेवलंस तर."

आजोबा ओट्यावरून बघत होते. "कोंबड्यांना तेल? मग वेणीफणी पण कर की!"

"तुमच्याही कोंबड्यांना देते, आबा."

"धडधाकटाला कशाला औषध? पडल्यावर बघू."

"पडल्यावर तुम्ही फक्त बघताच," वेणू म्हणाली.

ओल आली. चिखलाचं पाणी खुराड्यांत शिरलं. वेणू दिवसभर राख पसरत, भांडी घासत, कोंबड्या मोजत फिरली. तिच्याही दोन मलूल झाल्या, एक गेली. आजोबांच्या मात्र निम्म्या माना टाकून बसल्या.

आता आजोबा धावले. "आण ती बाटली!"

"आबा, असं नसतं द्यायचं! डॉक्टरांना बोलवते, थांबा."

"तू मला शिकवणार? माझे केस काय उन्हात पांढरे झाले?" त्यांनी बाटली हिसकावली, आजारी-धड न बघता एकेकीची चोच उघडली आणि तेल तसंच ओतलं. कोंबड्या ठसकल्या, माना झटकू लागल्या. जी थोडंफार टिपत होती तिनेही दाण्याकडे पाठ फिरवली. डॉक्टर येईस्तोवर खुराड्यात एकच तांबडी उरली होती.

संध्याकाळी आजोबा पारावर सांगत होते, "तेलानं मारल्या माझ्या कोंबड्या." सगळी म्हातारी मंडळी माना डोलवत होती. माना डोलवायला काय लागतं?

वेणू ते ऐकून तणतणत घरी आली. तांबडी कुंपणाखालून सरपटत तिच्या बाजूला आली होती. डॉक्टरांनी सांगितलं तसं वेणूने तिला कोरड्या पाटीत बसवलं, स्वच्छ पाणी पाजलं, औषध दिलं. काही दिवसांनी तांबडी उठली आणि इतरांबरोबर तेलाचा भरडा टिपू लागली.

आजोबा कुंपणापाशी आले. "ती माझी आहे हां."

"न्या की," वेणू भरडा कालवत म्हणाली. "जगली म्हणून तुमची. मेली असती तर माझ्या तेलाची ठरली असती."

आजोबांनी 'ये, ये' करत हात पुढे केला. तांबडी मात्र जागची हलली नाही.

तात्पर्य सांगायचं तर: बरं असताना थेंब द्यायला ज्यांचा हात आखडतो, तेच मरताना बाटली ओततात, आणि वर दोष बाटलीला देतात.