काचेच्या कपाटातील रायफली

एकदा एक वृद्ध नेमबाज एका लहानशा शहरात राहत होते. नाव केशवराव रणनवरे; पण लहानथोर सगळे त्यांना अप्पा म्हणत. तरुणपणी मिळवलेली पदके कोणत्या पेटीत पडली आहेत, हे त्यांना आठवत नसे. आपल्या रायफली मात्र ते माणसांसारख्या ओळखत.

या रायफली रिमफायर जातीच्या. त्यांचे काडतूस करंगळीच्या पेराएवढे असते आणि त्याच्या तळाच्या कडेवर आघात झाला की दारू पेटते. आवाज बेताचा, धक्का जवळजवळ नाहीच. शौर्याच्या गप्पांत अशा रायफलीला कोणी विचारत नाही. तिचे काम एकच: पन्नास मीटरवरच्या कागदाला पडलेल्या छिद्रातूनच पुढची गोळी पाठवणे. अप्पांना या अचूकतेचे वेड होते. आयुष्यभर शोध घेऊन त्यांनी मोजक्याच रायफली जमवल्या होत्या. एकीची नळी थंड असली की पहिली गोळी किंचित वर जाई. दुसरी काडतुसांच्या बाबतीत फार चोखंदळ. पेटी बदलली की रुसून बसे. अक्रोडाच्या दस्त्याची तिसरी मात्र कोणत्याही हवेत एकाच ठिकाणी मारी. अप्पांचा तिच्यावर विशेष जीव होता, आणि तरीही नेमबाजीच्या रेंजवर कोणी मागितली तर ते ती त्याच्या हाती देत.

शहराबाहेरच्या टेकडीच्या पायथ्याशी नेमबाजांचा क्लब होता. क्लबच्या मालकीच्याही काही जुन्या, उत्तम रायफली होत्या. दर रविवारी अप्पा त्यांवर नवशिक्यांना शिकवीत. सुचेता मगदूम तिथेच शिकली. तिचे वडील एसटीत वाहक होते. स्वतःची रायफल घेण्याची गोष्ट त्या घरात कोणाच्या स्वप्नातही नव्हती. आता ती महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे, राज्यपातळीवर खेळत असे आणि अप्पांची पट्टशिष्या म्हणून ओळखली जात असे.

पुढे क्लबच्या अध्यक्षपदी श्रीधर कोठावळे निवडून आले. ते लाकडाचे मोठे व्यापारी. माणूस कंजूष नव्हता. रेंजचे गळके छप्पर त्यांनीच दुरुस्त करून दिले होते. त्यांनाही रायफली जमवण्याचा नाद होता. घरी एक खास खोली होती, तीत दमट हवेचा शिरकाव होऊ नये म्हणून यंत्र चालू असे, आणि काचेमागे अशा रायफली उभ्या होत्या की पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत. त्यांतल्या बहुतेकींतून कोठावळ्यांच्या हातून एकही गोळी सुटलेली नव्हती.

अध्यक्ष होताच त्यांनी क्लबच्या रायफलींसाठीही एक काचेचे कपाट करवून घेतले. त्यांचे म्हणणे असे, की या रायफली आता मिळत नाहीत, नवशिक्यांच्या हाती देऊन त्या झिजवणे हा गुन्हा आहे. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी स्वतःची रायफल आणावी. सर्वसाधारण सभेची मंजुरी मिळायची होती. तोवर किल्ली त्यांनी आपल्या खिशात ठेवली.

रविवारचा वर्ग बंद पडला. सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका, एका शिंप्याची मुलगी, पोलीस भरतीची तयारी करणारे दोघे तरुण नेहमीप्रमाणे आले, बाकावर बसले, काचेतून रायफली पाहिल्या आणि परत गेले. पुढच्या रविवारीही तसेच झाले. सुचेताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा संताप अनाठायी होता असे कोणी समजू नये. जी वस्तू शिकवण्यासाठी घडली, तिला शोभेची करून शिकणाऱ्यांना बाहेर बसवणे, आणि वर त्याला जतन म्हणणे, यात संताप येण्याजोगे पुष्कळ आहे.

सभेत ती उभी राहिली आणि तिने सगळे स्पष्ट बोलून दाखवले. परवाना आणि रायफल ज्यांच्या आवाक्यात नाही, त्यांनी या फाटकातून आत यायचेच नाही का, असे तिने अध्यक्षांच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारले. मग ती अप्पांकडे वळली. आता अप्पा उठतील आणि हा प्रश्न निकालात निघेल, अशी तिची खात्री होती.

अप्पा सावकाश उठले. म्हणाले, "माझी अक्रोडाच्या दस्त्याची रायफल मी क्लबला देतो. तीही कपाटात ठेवा. श्रीधररावांनी रेंजवर येऊन ती माझ्या हातून घ्यावी, एवढीच विनंती आहे."

मग टाळ्या झाल्या. कोठावळ्यांचा चेहरा उजळला. सुचेताने आपली पिशवी उचलली आणि खुर्ची सरकल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती बाहेर निघून गेली. तिच्या माघारी ठराव मताला टाकला गेला आणि मंजूर झाला.

अप्पा बाहेर आले तेव्हा ती फाटकापाशी उभी होती. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोलली नव्हती. ती म्हणाली, "तुम्ही घाबरलात का, अप्पा?"

"नाही."

"मग तुम्ही त्यांना विकले गेलात."

परवान्याचे सोपस्कार आटोपले की कळवीन, त्या दिवशी गोळ्या कुठे लागतात ते पाहायला दुर्बिणीवर माणूस लागेल, तू ये, एवढेच अप्पा बोलले. सुचेताने घरी जाऊन क्लबचा राजीनामा लिहिला. निरोप आला तेव्हा मात्र ती गेली. हा अन्याय स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, म्हणजे राग निवणार नाही, असे तिने मनाशी ठरवले होते.

सकाळची वेळ होती. कोठावळे इस्त्रीच्या कपड्यांत आले. अप्पांनी रायफल त्यांच्या हाती दिली नाही. चटई अंथरलेली होती, रायफल तिच्यावर ठेवलेली होती, शेजारी काडतुसे होती. हिला घ्यायचे तर आधी हिच्यावर नेम धरून पाहा, असे त्यांनी सांगितले. कोठावळ्यांनी गुडघ्याची सबब सांगितली, मग कामाची. अप्पा नुसते उभे राहिले. शेवटी कोठावळे खालच्या आवाजात बोलू लागले. तरुणपणी जिल्ह्याच्या स्पर्धेत त्यांनी आपले लक्ष्य सोडून शेजाऱ्याच्या लक्ष्यावर गोळ्या मारल्या होत्या. मंडपभर हशा पिकला होता. त्या दिवसानंतर त्यांनी रायफली विकत घेतल्या, पण लोकांसमोर एकही झाडली नाही. वर्ग चालू राहिला तर अध्यक्ष म्हणून आपल्यालाही कोणी नेम धरायला सांगेल, ही धास्ती त्यांना होती.

दुर्बिणीपाशी बसलेल्या सुचेताला हे ऐकून दया आली नाही. एका माणसाच्या एका फजितीपायी इतक्या जणांचा वर्ग बंद व्हावा, हे तिला अधिकच संतापजनक वाटले. तिने अप्पांकडे पाहिले, आणि त्यांच्याही कपाळाची शीर ताठ झालेली तिला दिसली.

अप्पा म्हणाले, "लोक हसले, याचं मला वाईट वाटतं, श्रीधरराव. पण ज्यांनी अजून पहिली गोळीही झाडलेली नाही, त्यांच्या तोंडावर तुम्ही दार लावलंत, याचा मला संताप आहे. तुम्ही रायफली जमवता यावर माझा राग नाही, मीही जमवतो. पण तुमची लाज झाकायला तुम्ही दुसऱ्यांची संधी वापरलीत. आता आडवे व्हा."

कोठावळ्यांना कोणी असे बोलल्याला बराच काळ लोटला असावा. ते उठून जातील असे सुचेताला वाटले. ते चटईवर पालथे झाले.

पहिल्या गोळ्या कागदावर चहूकडे विखुरल्या. अप्पा त्यांच्याजवळ उकिडवे बसले. चाप ओढल्याबरोबर कोठावळे मान उचलून लक्ष्याकडे पाहत होते. ही गोळी मंद असते, ती नळीतून बाहेर पडेपर्यंत धीर धरावा लागतो, आवाज झाल्यावरही तसेच पडून राहा, असे अप्पांनी त्यांना पुनःपुन्हा सांगितले. गोळ्या कुठे लागल्या ते सुचेताने सांगायचे होते. पहिल्या काही गोळ्यांचे वर्णन करताना तिच्या आवाजाला धार होती. मग ती थोडी थबकली आणि म्हणाली, "शेवटच्या दोन एकमेकींना चिकटल्या आहेत."

कोठावळ्यांनी मान वर केली नाही. हात लांब करून त्यांनी आणखी काडतुसे मागितली.

ऊन चढेपर्यंत हे चालले. मग कोठावळे उठले, कपड्यांची धूळही न झटकता त्यांनी रायफल उचलली, अप्पांना नमस्कार केला आणि ती नेऊन कपाटात ठेवली. कुलूप लागल्याचा आवाज रेंजपर्यंत आला.

सुचेता उसळून म्हणाली, "पाहिलंत? तुमची रायफलही गेली आणि कपाटही बंदच राहिलं. त्यांना शिकवायचंच होतं तर एखादी साधी रायफल नसती का चालली?"

अप्पा चटई गुंडाळत होते. ते म्हणाले, "साध्या रायफलीवर नेम चुकला की माणूस रायफलीला दोष देतो, आणि लागला तर नशिबाला श्रेय. हिच्यावर दोन्ही करता येत नाही. चुकलं तर आपण चुकलो, जमलं तर आपल्याला जमलं. त्या माणसाला या दोन्ही गोष्टी एकदा कळायला हव्या होत्या. सभेत बोलून त्या कळल्या नसत्या. म्हणून माझी सगळ्यात अचूक होती ती दिली. आणि दिली म्हणजे दिली. ती परत मिळावी म्हणून हे केलेलं नाही."

"आणि वर्गाचं काय?"

"ते तुझ्याकडे होतं," अप्पा म्हणाले. त्यांच्या स्वरात राग होता, आणि या वेळी तो तिच्यावर होता. "सभेत तू बोललीस त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मागच्या बाकावरचे सभासद ठरावाविरुद्ध हात वर करायच्या तयारीत होते. ज्यांच्यासाठी तू भांडलीस त्यांतलं कोणीच सभासद नाही, त्यांना मत नाही; तुझं होतं. मतदानाच्या वेळी मागच्यांनी तुझ्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. मग हात खालीच राहिले. माझा एकट्याचा वर होता."

आपण बाहेर पडल्यावर तिथे काय झाले, हे सुचेताने आजवर कोणाला विचारलेही नव्हते.

"संताप तुझ्याइतकाच मलाही होता," अप्पा थोड्या शांतपणे म्हणाले. "तुझा बरोबर जागी निघाला होता, पोरी. चाप ओढून झाल्यावर तू मान उचललीस."

राजीनामा तिने पाठवला नाही. पुढच्या सभेत तिने तोच विषय पुन्हा मांडला. काही जण कंटाळले, एकाने टोमणा मारला, विषय दोनदा बाजूला पडला. ती बसून राहिली. अखेर मतदानाची वेळ आली तेव्हा मागच्या बाकावरचे हात एकेक करून वर आले. कोठावळ्यांनी हात वर केला नाही आणि ठरावाला विरोधही केला नाही. ठराव बदलला.

सभा संपल्यावर ते तिच्यापाशी आले. खिशातून किल्ली काढून त्यांनी ती तिच्यासमोर ठेवली. मग इकडेतिकडे पाहत, कोणी ऐकत नाही याची खात्री करून त्यांनी विचारले, "रविवारचा वर्ग सकाळी किती वाजता असतो? मला यायचं आहे."

सुचेताने वेळ सांगितली. लवकर या, चटया अंथरायला माणसे लागतात, असेही सांगितले.

अन्यायाविरुद्ध जो बोलतो, त्याने बोलून झाल्यावर आपली खुर्ची रिकामी करू नये.