तक्रारपेटीची तक्रार

खुर्च्या-टेबलं बोलायची त्या काळी एका कचेरीच्या भिंतीवर तक्रारपेटी टांगलेली होती. तिच्या पोटात चिठ्ठ्यांची सारखी चुळबुळ चालायची. त्यातली एक रोज विचारायची, "वाडीचा हातपंप बंद आहे, पोरं ओढ्याचं पाणी पिऊन आजारी पडतायत. साहेब मला कधी वाचणार?"

पेटीला चैन पडेना. ती साहेबांच्या खुर्चीला म्हणाली, "ताई, माझं कुलूप गंजलंय. वर्षभर कुणी उघडलंच नाही. साहेबांच्या कानावर घाला ना."

"तोंडी चालत नाही," खुर्ची म्हणाली. "लिहून द्यावं लागतं."

पेटीने पेन्सिलीकडून घाईघाईने लिहून घेतलं. "आता हे कुठे देऊ?"

"हे काय विचारणं झालं? पेटीत टाक."

आत हातपंपाची चिठ्ठी शेजारणींना म्हणाली, "सरका गं जरा, अजून एक आली."