अखंड दही आणि भरीव टायर

केदारवाडीच्या महादेवाला अभिषेकासाठी न मोडलेले, अखंड दहीच लागते. नदीपलीकडून ते सायकलवर आणण्याची सेवा द्वारकाबाईंच्या घराण्याकडे होती. एकदा पंक्चरमुळे त्यांना उशीर झाला, तेव्हा प्रमुख विश्वस्त रंगराव इनामदारांनी त्यांच्या सायकलला बिनहवेचे भरीव टायर बसवून दिले.

पंक्चर थांबले, पण प्रत्येक दगडाचा हादरा मडक्यापर्यंत पोहोचू लागला. द्वारकाबाईंनी परोपरीने सांगूनही कोणी ऐकेना. लागोपाठ तीन दिवस दही मोडले.

"बाई, तुमच्या हातांत निष्ठा उरली नाही. परवापासून सेवा बंद!" रंगराव भर सभामंडपात गरजले.

द्वारकाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मालक, उद्या सायकल मी चालवते. मागे कॅरियरवर तुम्ही बसा आणि मडके तुमच्या निष्ठावंत हातांत धरा. दही अखंड आले, तर मी स्वतःच सेवा सोडीन."

दुसऱ्या दिवशी रंगराव देवळापाशी उतरले, ते दह्याने माखलेला सदरा घेऊनच.

"मी काय करणार? ही सायकलच हाडे खिळखिळी करते!" ते ओरडले.

"तीन दिवस मी हेच सांगत होते," द्वारकाबाई कडाडल्या. "आता महादेवासमोर बोला, हात बदलायचे की टायर?"

रंगरावांनी हवेचे टायर आणि पंप मागवले.