ठेंगूचं वाडगं आणि खारूताईची शेंग

एका अंगणात कोण कोण राहायचं? लिंबाच्या ढोलीत राहायची खारूताई. ओट्याखाली राहायचा ठेंगू कुत्रा, हा एवढासा, मांजराहून बुटका. घरात राहायची गोदू, नाकाला शेंबूड नि तोंडाला टकळी. आणि तिची आत्या. गोठ्यात राहायची पुतळी म्हैस. आणि बगळा? तो तिकडे लांब, बांधावर.

एकदा काय झालं, खारूताईच्या पिल्लांना लागली भूक. "आई, खाऊ! आई, खाऊ!"

खारूताईला सापडली भुईमुगाची एक शेंग. तोंडात धरली, निघाली तुरुतुरु. अंगणात आली नि शेंग सुटली. गड गड गड... टुप्प! पडली कुठं? ठेंगूच्या वाडग्यात!

वाडग्यात होती ताक-भाकरी. ठेंगू उभा वाडग्याला चिकटून. शेपूट ताठ. कान मागे.

"ठेंगूदादा, ठेंगूदादा, माझी शेंग मिळेना, पिल्लं माझी भुकेली. जरा बाजूला हो ना!"

"गुर्र! मी नाही हलायचा. हललो की गोदू वाडगं ओढते. माझं जेवण जातं. तिला सांग, ओढू नको. मग हलतो."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली गोदूकडे.

"गोदूबाई, गोदूबाई, ठेंगू जागचा हलेना, माझी शेंग मिळेना, पिल्लं माझी भुकेली. ओढायचं सोड ना!"

"ओढणार, ओढणार, शंभरदा ओढणार! मला भातुकलीला भांडं कुठंय? माझी बोळकी वर फळीवर. आत्याला सांग, बोळकी काढ. मग सोडते."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली आत्याकडे. आत्या गोठ्यात.

"आत्याबाई, आत्याबाई, गोदू ओढायचं सोडेना, ठेंगू जागचा हलेना, माझी शेंग मिळेना, पिल्लं माझी भुकेली. बोळकी काढ ना!"

"अगं बाई, मी धार काढायला बसलेय, दिसत नाही? ही पुतळी एका जागी उभी राहील तर शप्पथ! तिला सांग, नीट उभी राहा. मग काढते."

तुरुतुरु, गेली पुतळीच्या तोंडापुढे.

"पुतळीमावशी, पुतळीमावशी, आत्या बोळकी काढेना, गोदू ओढायचं सोडेना, ठेंगू जागचा हलेना, माझी शेंग मिळेना, पिल्लं माझी भुकेली. नीट उभी राहा ना!"

"उभी कशी राहू, कप्पाळ? पाठीवर गोमाश्या. चावतात करकर! बगळ्याला सांग, माश्या टिप. मग राहते."

तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु, गेली बांधावर.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, पुतळी उभी राहीना, आत्या बोळकी काढेना, गोदू ओढायचं सोडेना, ठेंगू जागचा हलेना, माझी शेंग मिळेना, पिल्लं माझी भुकेली. माश्या टिप ना!"

"माश्या? वा वा, गोड लागतात! पण नको गं बाई. अंगणात आलो की ठेंगू येतो अंगावर, भू भू भू! त्याला सांग, भुंकू नको. मग येतो."

घ्या! फिरून फिरून ठेंगूच!

खारूताई मटकन बसली कुंपणावर. ठेंगूकडे बघत राहिली. एक कोंबडी वाडग्याजवळ आली. गुर्र! कोंबडी लांब गेली. ठेंगू गप. चपचप जेवायला लागला.

"अगो बाई! हा द्वाड नाही काही. हा घाबरलाय! याला वाटतं, जो येतो तो माझं जेवण न्यायलाच येतो."

तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु, पुन्हा गेली बांधावर.

"बगळेभाऊ, वाडग्याकडे बघू नको. वाडग्याजवळून येऊ नको. गोठ्यामागून ये हळूच."

बगळा आला गोठ्यामागून. ठेंगूने मान वर केली. गुर्र... बगळा लांबच. ठेंगू गप. चपचप, चपचप.

मग काय विचारता! बगळा माश्या टिपू लागला, टिप टिप टिप. पुतळी उभी राहिली. धार निघाली, चुर्र चुर्र. आत्या उठली. बोळकी काढली, खळ्ळ खळ्ळ. गोदू ओढायचं विसरली!

गोदूने मांडली भातुकली. आत्याने दिली खरीखुरी भाकरी.

"आत्या, ठेंगूला जेवायला बोलवू?"

"बोलव की. पण जवळ जायचं नाही हं. त्याचं जेवण त्याचं. तुकडा लांबून टाक."

गोदूने लांबून टाकला तुकडा. ठेंगूने पाहिलं. इकडे वाडगं, तिकडे तुकडा. वाडगं कुणी ओढेना. जवळ कुणी येईना. ठेंगूचं शेपूट सैल झालं. मग हललं. हळू हळू निघाला तुकड्याकडे!

"ठेंगूदादा, घेऊ का माझी शेंग?"

"घे गं ताई. ताक तेवढं ठेव!"

झुप्प! शेंग तोंडात, खारूताई ढोलीत. टक्क! शेंग फुटली. कुडुम कुडुम, पिल्लं जेवली.

त्या दिवसापासून गोदूच्या भातुकलीत एक पान खारूताईचं. ठेंगूच्या वाडग्यापासून लांब, लिंबाखाली. रोज त्यावर मूठभर शेंगा. कुणी ओढत नाही, कुणी गुरगुरत नाही. पिल्लं अशी गुबगुबीत झाली, अशी गुबगुबीत झाली, की ढोलीतून बाहेर येताना त्यांची पोटंच अडकायला लागली!