मिशाळ माशांचा हललेला फोटो

एका गावात एक फोटोवाला होता. गाव लहान, पण त्याचं नाव पंचक्रोशीत मोठं. त्याच्याकडे काढलेल्या फोटोत माणूस हसणारच, असा लौकिक होता. कधीच न हसणारा पोस्टमास्तरसुद्धा त्याच्या फोटोत बत्तीशी दाखवून बसलेला होता. "हातात कला लागते," असं फोटोवाला मनगट फिरवत सांगायचा.

स्टुडिओत कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी एक काचेची टाकी होती. तिच्यात आठ मिशाळ मासे. जात मांगुराची, पण अंगानं बोटाच्या दोन पेरांएवढेच. दिवसभर ते तळाच्या मऊ वाळूत मिशा खुपसून काहीतरी धुंडाळत असायचे, कुणाची तरी नथ हरवल्यासारखे. मधेच एखाद्याला लहर यायची. तो सरळ वर झेपावायचा, हवेचा एक घोट घ्यायचा आणि खाली येऊन बाकीच्यांवर आदळायचा. एक जण तर चक्क डोळा मिचकावायचा. फोटोवाल्याचा आणि त्याच्या बायकोचा त्यांच्यावर फार जीव.

गावाची एक रीत होती. जत्रेच्या दिवशी चावडीच्या भिंतीवर फोटोवाल्याचा एक नवा फोटो लागे आणि वर्षभर तिथेच राही. भिंतीवरचा तो खिळा म्हणजे फोटोवाल्याचा मान. यंदा त्यानं आधीच सगळीकडे सांगून ठेवलं, "या खेपेला माझे मासे लावणार. बघाल तर बघतच राहाल!"

पण मासे कसले बसतात! "हलू नका," फोटोवाला सवयीनं म्हणायचा, आणि आठही जण वाळूचा धुरळा उडवून आठ दिशांना पळायचे. शेवटी वैतागून त्यानं सगळी वाळू उपसली आणि तळाशी रंगीत काचेचे चकचकीत तुकडे पसरले.

"अहो, वाळू का काढलीत? आता त्यांनी खेळायचं कशात?" बायकोनं विचारलं.

"वाळू फोटोत मळकट दिसते. तुला त्यातलं काय कळतंय?"

तीन आठवड्यांत मासे शांत झाले. कोपऱ्यात एका ओळीत बसून राहू लागले. "बघ, कशी शिस्त लागली!" फोटोवाला खूश झाला. त्यानं फोटो काढला. असा स्पष्ट, की अंगावरचा ठिपका न् ठिपका मोजून घ्यावा.

त्याच दिवसांत स्टुडिओत एक विचित्र गोष्ट घडू लागली. गिऱ्हाइकं हसेनाशी झाली. पाटलीणबाई पहिल्या नातवाला मांडीवर घेऊन आल्या, तरी फोटोत चेहरा काढा प्यायल्यासारखा. "पाटलीणबाई, हसा की जरा!" तो म्हणाला. "हसतेच आहे की रे बाबा," त्या म्हणाल्या, आणि फोटो न घेताच निघून गेल्या.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी फोटोवाला आपल्या माशांचा फोटो भिंगाखाली धरून कौतुकानं बघत बसला. बघता बघता त्याचा हात थांबला. फोटोतल्या एकाही माशाला मिशा नव्हत्या. मिशांच्या जागी नुसते खुंट.

तो टाकीकडे धावला. पाण्यात हात घालून त्यानं तळ चाचपला, तर काचेचा तुकडा बोटाला कचकन लागला. त्याच काचांत मासे तीन आठवडे मिशा घासत होते.

"हे शिस्तीनं बसले नव्हते गं," तो म्हणाला. "आजारी होते."

बायको हळूच म्हणाली, "आणि एक सांगू? लोक तुमच्या कलेमुळे हसत नव्हते. ते यांच्या खोड्यांना हसत होते."

फोटोवाल्यानं काचा काढून, वाळू धुऊन ती परत टाकीत भरली. दुसऱ्या दिवशी चावडीवरचा खिळा मोकळा दिसला, तशी माणसं जमली. "काय हो, मासे पळाले का?" पोस्टमास्तरानं टोमणा मारला. फोटोवाल्याला मान वर करवत नव्हती, तरी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या हौसेपायी त्यांच्या मिशा गेल्या. तो फोटो मी लावणार नाही."

दोन महिने खिळा मोकळाच होता. मग एका सकाळी पाटलीणबाई नातवाला घेऊन पुन्हा आल्या. फोटोवाला कॅमेरा सरसावतो तोच एक मासा, नव्या मिशा फेंदारून, सुळकन वर गेला आणि परत येताना थेट भावंडांच्या डोक्यावर पडला. बाळ खिदळलं, पाटलीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. फोटोवाल्यानं आधी त्यांचा फोटो घेतला, आणि लगेच कॅमेरा टाकीकडे वळवला.

चावडीवर लागला तो हाच फोटो. त्यात सहा मासे अख्खे, एक अर्धा आणि आठव्याची नुसती शेपटी. सगळीकडे वाळूचा धुरळा.

पोस्टमास्तर चष्मा पुसून म्हणाला, "अहो, हा तर हललाय!"

"हलणारच!" फोटोवाला छाती काढून म्हणाला. "माझे मासे आहेत ते. धडधाकट आहेत."

पोस्टमास्तर फोटोकडे बघत राहिला, आणि कॅमेरा समोर नसतानाही खो खो हसला.

तात्पर्य, मुलांनो आणि मोठ्यांनोही: आपल्या जिवलगांचा अभिमान जरूर मिरवावा, पण ते जसे आहेत तसेच, मिरवण्यासाठी त्यांना गप्प बसवू नये.